उतरणाऱ्यांची तिकिटं

रविवार, १ ऑक्टोबर १९५०

नवी वही आहे, म्हणून पहिलं पान रीतसर. मी हरिहर गुप्ते, वय एकोणतीस, मुक्काम कोपरी, ठाणे. आजवर दोन नोकऱ्या धरल्या आणि दोन्ही सुटल्या. पहिली छापखान्यातली, तिथे मी लोकांच्या मजकुरात न सांगता सुधारणा करायचो. दुसरी वखारीतली, तिथे खिडकीतून खाडी दिसायची. खिडकी नसलेली नोकरी मिळेपर्यंत तुझं काही खरं नाही, असं भाऊ म्हणतात. भाऊ म्हणजे वडील. कोर्टात तीस वर्षं शिरस्तेदार होते. आई गेल्यापासून स्वयंपाकही तेच करतात, त्याच शिस्तीनं.

आणि आता जे काम मिळालंय त्याला नुसती खिडकीच आहे. आजपासून खारवलीला गाडी थांबू लागली. कळवा सोडून मुंब्र्याकडे जाताना जुनी लाइन डोंगर आणि खाडी यांच्यामधून वळते, त्या वळणावर हे गाव. गाव जुनं, हॉल्ट आजचा. पत्र्याची एक खोली, एक बाकडं, एक कंदील, दोन खांबांवर नावाची पाटी. सहा महिने गाडी थांबवून बघायची, माणसं पुरेशी मिळाली तर हॉल्ट कायम, नाही तर एकतीस मार्चला बंद. मी रेल्वेचा नोकर नाही, एजंट. तिकिटं विकायची, उतरणाऱ्यांची तिकिटं मागून घ्यायची, ती दर शनिवारी पिशवीत घालून ठाण्याला पाठवायची, आणि रोज किती तिकिटं विकली ते छापील फॉर्मवर भरायचं. एवढंच काम. बाकी वेळ खाडी.

साडेबाराच्या गाडीतून पन्नासेक बायामाणसं उतरली. ठाण्याच्या बाजारातून परतणाऱ्या, टोपल्या रिकाम्या, पाय धुळीनं भरलेले. पुढे एक ठेंगणी म्हातारी. तिनं फलाटावर पाय टेकवला, पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून अशी हसली की मी तिच्या घरी आलोय की ती माझ्या, तेच कळेना. तिकीट घेण्यासाठी मी हात पुढे केला होता. तो तसाच वर गेला आणि दुसऱ्या हाताला जुळला. मी नमस्कार केला.

तिनंही केला. मग मागच्या सगळ्यांनी केला. गाडी केव्हाच निघून गेली होती.

बुधवार, ४ ऑक्टोबर

म्हातारीचं नाव आवडाबाई. चाळीस वर्षं मासळी विकते. आज तिनं मला दोन बोंबील देऊ केले. मी घरी भाऊ आहेत म्हटल्यावर ‘मंग त्यांना दे’ म्हणाली. भाऊ कांदासुद्धा चातुर्मासात खात नाहीत, हे तिला सांगणं जमलं नाही. बोंबील जेरोमला दिले. जेरोम हा गावातल्या ख्रिस्ती वस्तीतला, ठाण्याच्या गिरणीत फिटर. सकाळी इथून तिकीट काढणारा तोच एक भरवशाचा माणूस.

तिकिटं मागायचं ठरवून मी आज घरून निघालो होतो. पण माणूस उन्हातान्हातून आपल्या दारी उतरतो, हसून बघतो, आणि आपण म्हणायचं, दाखव बरं. म्हणजे तू चोर नाहीस ना, असंच विचारल्यासारखं. आमच्या घरी आलेल्याला पाणी विचारतात. मी माठ आणला आहे.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

दुपारी फलाटावर कोणी नसतं. मिठागरांतलं पाणी इतकं स्तब्ध असतं की त्यात डोंगर डोकं खाली करून उभा राहतो. मला बसल्या बसल्या डोळा लागला. स्वप्नात फलाट लांबत लांबत खाडीत गेला, आणि गाडी पाण्यावरून आली, आवाज न करता. डब्यांतून माणसं उतरत होती, प्रत्येकाच्या हातात स्वतःच्या गावाच्या नावाची पाटी. मी म्हणत होतो, ठेवा इथे, सगळ्यांना जागा आहे.

जागा झालो तेव्हा समोर एक बाई उभ्या होत्या, हातात गजराचं घड्याळ. ‘किती वाजले, मास्तर? शाळेचं घड्याळ मागे पडलंय.’

त्या रोझाबाई. जेरोमची बहीण, चर्चच्या आवारातल्या चार इयत्तांच्या शाळेत शिकवतात. चार दहाच्या गाडीवर घड्याळ लावून द्यायचं असं ठरलं. आज ते अकरा मिनिटं मागे होतं.

शनिवार, ११ नोव्हेंबर

दिवाळी झाली. भाऊंनी केलेले चकलीचे तुकडे (चकल्या म्हणवत नाही) हॉल्टवर नेले. आवडाबाई म्हणाली, ‘कोनी केल्यान? दात हाय ना त्याला?’

हॉल्टचा मला लळा लागला आहे हे लिहून टाकतो. पहाटेच्या गाडीनं मी इथे उतरतो तेव्हा धुकं रुळांवर बसलेलं असतं. जेरोमला एक तिकीट देतो, आणखी सातआठ जणांना देतो. मग साडेबारापर्यंत शांत. मग पन्नास माणसं एकदम, नमस्कार, पाणी, बाजारात आज काय झालं त्याची सगळी हकीकत. पूर्वी ही माणसं भर दुपारी रुळांच्या कडेनं ठाण्याहून चालत यायची. पाय भाजायचे. आवडाबाईची सून त्याच वाटेवर बाळंत झाली होती. आता गाडी थांबते. ह्याहून मोठी सुधारणा मला तरी सुचत नाही.

तिकिटांची पिशवी पाठवली. त्यात चार तिकिटं होती, अनोळखी माणसांची.

रोझाबाईंचं घड्याळ फारच बिघडलं आहे. परवा चौदा मिनिटं मागे, काल नऊ मिनिटं पुढे. ठाण्यात चांगला घड्याळजी आहे, त्याचा पत्ता लिहून दिला. त्यांनी तो नीट घडी करून ठेवला.

गुरुवार, २१ डिसेंबर

रेल्वेचे इन्स्पेक्टर आले होते. पन्नाशीचे, टक्कल, चेहरा कायम दुखऱ्या दाढेचा. फॉर्म बघून म्हणाले, ‘अक्षर तुमचं आहे?’ मी हो म्हटलं. ‘कल्याणच्या पार्सल ऑफिसात असं अक्षर पाहिजे. कायम जागा निघणार आहे. बघू.’

भाऊंना सांगितलं तेव्हा ते पोळी लाटायचे थांबले. ‘कायम?’ एवढंच विचारलं, आणि मग ती पोळी गोल झाली नाही. आई असताना मी कुठेतरी चिकटावं, एवढं एकच ते देवाकडे मागायचे. आता मागत नाहीत, पण जपाला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो.

सोमवार, २५ डिसेंबर

आज नाताळ, पण गाडी थांबतेच. रोझाबाई पांढऱ्या साडीत आल्या, घड्याळ आणि केळीच्या पानात बांधलेला फराळ घेऊन. सुटीच्या दिवशी शाळेचं घड्याळ कशाला, असं मी विचारलं. म्हणाल्या, ‘सुटीत तर जास्त बिघडतं.’ यंत्रांचं असं असतं खरं, वापरात नसली की गंजतात.

आम्ही बाकड्यावर बसून फराळ खाल्ला. त्यांनी विचारलं, सगळीकडे गाड्या जायला लागल्या की माणसं जवळ येतील की लांब जातील? मी बराच वेळ विचार करत होतो. चार दहाची गाडी आली तेव्हा घड्याळ लावायचंच राहिलं.

सोमवार, १५ जानेवारी १९५१

काल संक्रांत झाली. तिळगूळ वाटला. जेरोमनं दोनदा घेतला आणि दोनदा गोड बोलायचं कबूल केलं. रात्रभर थंडी होती, सकाळी मिठाच्या राशी निळसर दिसत होत्या. मी सुखी आहे असं वाटतं. हे लिहिताना जरा भीती वाटली, पण खोडत नाही.

सोमवार, १२ फेब्रुवारी

रेल्वेचं पत्र आलं. चार महिन्यांत खारवलीची रोजची सरासरी विक्री नऊ तिकिटं. अपेक्षा चाळीस. फरक न पडल्यास एकतीस मार्चनंतर हॉल्ट बंद.

मी ते चार वेळा वाचलं. नऊ? इथे रोज पन्नास माणसं उतरतात. मी त्यांची तोंडं ओळखतो, त्यांच्या सुनांची नावं सांगतो. आकडे माझ्याच अक्षरात आहेत, सुबक, आणि आकडा नऊच आहे. हे मला एकदाही खटकलं नाही याची लाज वाटते.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

साडेबाराला सगळ्यांना थांबवून पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, सकाळी जातानाही गाडीनं जा, इथून तिकीट काढा.

आवडाबाई म्हणाली, ‘सकालचं कसं जमंल? म्हावऱ्याची पाटी घेऊन डब्यात चढलं का लोकं नाकाला धोतर लावत्यात. होडी हाय ना घरची. बाप्ये आमाला ठान्याच्या बंदराला सोडत्यात नि तसंच धरायला जात्यात. होडी परत यायला नाय, म्हनून गाडी.’

म्हणजे जाताना होडी, येताना गाडी. येतानाचं तिकीट ठाण्याच्या खिडकीवर विकलं जातं. खारवलीच्या नावावर काहीच नाही. पाच महिने हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं.

मी म्हटलं, मग नुसती तिकिटं तरी काढून ठेवा, बसू नका गाडीत. ती माझ्याकडे बघत राहिली. ‘गाडीत बसाचा नाय नि तिकीट काढाचा? ती लबाडी झाली, मास्तर.’ बाकीच्यांनीही माना हलवल्या. मला फार ओशाळवाणं झालं.

मंगळवार, ६ मार्च

सरासरी दहा. वाढलेलं एक तिकीट रोझाबाईंचं. आवडाबाई लबाडीचं म्हणाली तेव्हा त्या तिथे नव्हत्या. गेले दोन आठवडे त्या रोज चारच्या सुमारास मुंब्र्याचं तिकीट काढतात, गाडी येते, आणि त्या बोलण्याच्या नादात चढायच्या राहून जातात. दोनदा मी आठवण करून दिली, बाई, तुमची गाडी. ‘हो की,’ म्हणाल्या, आणि राहिल्याच. शिकवण्याच्या कामात माणूस विसराळू होतो.

शनिवार, २४ मार्च

हा आठवडा वाईट गेला. गुरुवार-शुक्रवार कोळीवाड्यात शिमगा, शुक्रवारीच ख्रिस्ती वस्तीचा गुड फ्रायडे. बाजाराला कोणी गेलंच नाही. एका बाजूला होळीची राख, दुसऱ्या बाजूला घंटा न वाजणारं चर्च, आणि मध्ये मी, हातात कोरा फॉर्म. गाड्या येत होत्या, रिकाम्या फलाटापुढे अर्धं मिनिट उभ्या राहत होत्या, निघून जात होत्या. गाडीलाही कळलं असावं असं वाटलं.

मंगळवार, २७ मार्च

इन्स्पेक्टर आले, हॉल्ट बंद करायचे कागद घेऊन. खुर्ची, कंदील, घड्याळ, सगळ्याची यादी केली. तेवढ्यात साडेबाराची आली आणि सत्तावन्न माणसं उतरली. त्यांनी मोजली. मी नमस्कार करत होतो.

‘हे रोज?’ त्यांनी विचारलं.

‘रोज.’

‘यांची तिकिटं कुठे आहेत?’

मी माठाकडे पाहिलं.

‘गुप्ते, उतरणारेही आम्ही धरतो. गोळा केलेली तिकिटं असती, तर अपेक्षेच्या दीडपट आकडा झाला असता. हॉल्ट कायम करायला तेवढं पुरत होतं. तुमच्या पिशवीत आठवड्याला चार तिकिटं. आम्ही समजलो, उतरतंच कोणी नाही.’

त्यांनी टोपी काढून टक्कल पुसलं, मग आवाज खाली आणला. ‘हे मी बघितलं नाही. तिकिटं न घेणं म्हणजे एजन्सी रद्द, वर शेरा, रेल्वेत पुन्हा दार नाही. आता हॉल्ट नुसता माणसं नाहीत म्हणून बंद होईल. तुमच्यावर काही येणार नाही. पार्सल ऑफिसात तुमचं नाव मी दिलंय, पहिल्या तारखेपासून. परवा येऊन सही घेतो. गप्प बसा.’

ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी मला वाचवलं. आणि मला इतकं वाईट वाटतंय की जेवण गेलं नाही.

बुधवार, २८ मार्च

आवडाबाईला सांगितलं की हॉल्ट बंद होणार आणि चूक माझी. तुझं तिकीट मी एकदाही मागितलं नाही, ते मागितलं असतं तर गाडी थांबत राहिली असती.

‘मंग घे की,’ ती म्हणाली.

‘आता कुठून घेऊ?’

‘घरी हाय. समदी हायत.’

मला वाटलं थट्टा करते. पण ती घरी गेली आणि वनस्पती तुपाचा डबा घेऊन आली. आत पुठ्ठ्याची तिकिटं, ठाणे ते खारवली, तारखेवार, वर ओल धरू नये म्हणून मिठाची पुरचुंडी. म्हणाली, ‘रेशनचा कार्ड हारवलेला तवा सा महिनं साकर नाय भेटली. लढाईपास्नं मी सरकारचा एक कागद फेकला नाय. तू मागितलास नाय, मना वाटलं हितं ठेवाचीच रीत हाय. कवा तरी कोन तरी इचारंल.’

एकटी तीच नाही. सगळ्या गावानं ठेवली आहेत. कुणी मडक्यात, कुणी देवाच्या फळीवर, कुणी आढ्याला टांगलेल्या टोपलीत. जेरोमच्या आईनं प्रार्थनेच्या पुस्तकात, पानागणिक एक. सहा महिन्यांची माझी सगळी भीड त्यांनी जपून ठेवली आहे.

ही दिली तर हॉल्ट राहतो आणि मी जातो. नाही दिली तर हॉल्ट जातो आणि मी कल्याणला कायम होतो.

संध्याकाळी भाऊंना सगळं सांगितलं. ते तांदूळ निवडत होते.

‘भीड भिकेची बहीण, हरी. लहानपणी सांगितलं होतं.’

‘हो.’

‘कायम जागा होती.’

‘हो, भाऊ.’

त्यांनी एक खडा काढला, खिडकीतून टाकला. ‘तीस वर्षं साक्षी ऐकल्या. खरं बोलणारा माणूस कोर्टात नेहमी मूर्ख दिसतो. तू आधीपासूनच दिसतोस, तेव्हा तुझं फारसं नुकसान नाही.’ मग ताट माझ्याकडे सरकवून म्हणाले, ‘उरलेले तू निवड. मला आता नीट दिसत नाही.’

गुरुवार, २९ मार्च

इन्स्पेक्टर अकराच्या गाडीनं आले. फलाटावर डबे, मडकी, टोपल्या मांडलेल्या, आणि मागे सगळं गाव. बाजार आज बुडाला, होड्याही बांधलेल्या.

ते माझ्याकडे बघून म्हणाले, ‘मी सांगितलं होतं गप्प बसा.’

‘हो. पण ही यांची तिकिटं आहेत. मी घ्यायला हवी होती, घेतली नाहीत. हे मी लिहून दिलं आहे.’ कागद दिला. त्यांनी तो वाचला, आणि खरं सांगायचं तर अक्षराकडेही पुन्हा एकदा पाहिलं.

मोजणी तीन तास चालली. जेरोमनं गिरणीत रजा टाकली होती, तो ढीग लावत होता. दिवसाला सरासरी बेचाळीस निघाली. माझी नऊ धरून एक्कावन्न. मध्येच इन्स्पेक्टरांचा हात एका लहान बिस्किटांच्या डब्यावर थांबला. त्यात खारवली ते मुंब्रा अशी सदतीस तिकिटं होती, कोरी, छिद्र न पाडलेली.

‘ही वापरलेलीच नाहीत. कोणाची?’

‘माझी,’ रोझाबाई म्हणाल्या. ‘जायचं राहून गेलं.’

‘सदतीस वेळा?’

मी त्यांची बाजू घेतली. म्हटलं, साहेब, बाई जरा विसराळू आहेत, मी आठवण करून देत होतो. इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. जेरोम तोंड फिरवून खाडीकडे बघायला लागला. साहेबांनी तो डबा बंद केला आणि रोझाबाईंना परत दिला. ‘ही मी धरत नाही,’ म्हणाले. एक्कावन्नला काही धक्का लागत नव्हता.

जाताना गाडीच्या दारातून म्हणाले, ‘हॉल्ट राहील. तुम्ही राहणार नाही. मला वाईट वाटतं, गुप्ते.’

शनिवार, ३१ मार्च

किल्ली, घड्याळ, कंदील परत केले. माठ माझा होता, तो तिथेच ठेवला. साडेबाराला हात पुढे करून सगळ्यांची तिकिटं घेतली, शेवटच्या दिवशी, एकूण एक. आवडाबाईनं तिचं माझ्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

चार दहाला रोझाबाई आल्या नाहीत. शाळेच्या परीक्षा असतील.

शुक्रवार, ६ एप्रिल

दोन मुलींना गणित शिकवायचं काम मिळालं आहे, चरईत. खोलीला खिडकी आहे, पण तिच्यातून भिंत दिसते. भाऊ खूश आहेत.

स्टेशनाबाहेर जेरोम भेटला. हॉल्ट कायम झाल्याचं पत्र आलं. नवा एजंट कळव्याचा, कडक आहे. मी रोझाबाईंच्या घड्याळाची चौकशी केली. जेरोम म्हणाला, ‘ती आता हॉल्टवर जात नाय, मास्तर.’ म्हणजे घड्याळ दुरुस्त झालं असावं. बरं झालं. बरं झालं असं मी त्याला म्हणालोही, आणि घरी येईपर्यंत पाय जड का झाले ते कळलं नाही.

रविवार, ८ एप्रिल

आज ठाण्याच्या खिडकीवर म्हटलं, ‘एक खारवली, जाऊन येऊन.’ खिडकीतल्या माणसानं ते कुठे आहे असं विचारलं नाही. तिकीट दिलं. मला फार बरं वाटलं.

सहा महिने मी गाडी येताना पाहिली होती. पहाटे यायचो तेव्हा बाहेर धुकं असायचं, हॉल्ट येताना आज पहिल्यांदा पाहिला. कळवा मागे पडलं, डोंगर जवळ आला, मिठागरं चमकायला लागली, आणि वळणावर अचानक पाटी, बाकडं, पत्र्याची खोली, सगळं आपणहून माझ्याकडे आलं. स्वप्नात गाडी पाण्यावरून यायची ती हीच, फक्त मी आत होतो.

उतरलो तर एक जाडा माणूस हात पुढे करून उभा. ‘तिकीट.’ माझ्या तोंडाकडेही पाहिलं नाही. मी तिकिटाचा अर्धा तुकडा फाडून दिला. मागून आवडाबाई उतरत होती, लेकीकडून आलेली. तिनंही दिलं. ‘ह्यो मेला कोनाला सोडत नाय,’ ती म्हणाली.

‘तेच चांगलं आहे, आवडाबाई.’

‘चांगलं तर हायच. पन नमस्कार नाय करत.’

बाकड्यावर रोझाबाई बसल्या होत्या. हातात काही नव्हतं. मी येणार हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. फक्त परवा जेरोमला म्हटलं होतं, की रविवारी चारच्या गाडीनं एकदा जाऊन बघावं.

माझ्याकडे आता घड्याळ नाही. काही तरी बोलायचं म्हणून विचारलं, ‘किती वाजले?’

‘चार बारा,’ त्या म्हणाल्या, कुठेही न बघता. ‘गाडी दोन मिनिटं उशिरा आली.’

‘म्हणजे शाळेचं घड्याळ दुरुस्त झालं.’

‘ते बिघडलं कधी होतं?’

त्यांनी हे अगदी साधेपणानं विचारलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी बाकड्यावर बसलो. अकरा मिनिटं मागे, नऊ मिनिटं पुढे, सुटीत जास्त, सदतीस तिकिटं, हे सगळं एकामागून एक मला आठवत गेलं, आणि त्याला वेळ लागला, कारण मी मुळात सावकाश माणूस आहे. त्यांनी घाई केली नाही. खाडीला भरती लागत होती. एक होडी शीड न उभारता नुसतीच पाण्याबरोबर वर सरकत होती.

परतीचा अर्धा तुकडा माझ्या खिशात होता. पाच पन्नासची गाडी आली, अर्धं मिनिट थांबली. जाड्या एजंटानं माझ्याकडे पाहून हात हलवला, या, चढा. गाडी गेली.

‘तुमची गाडी होती ती,’ रोझाबाई म्हणाल्या.

‘हो की,’ मी म्हणालो. ‘जायचं राहून गेलं.’